विसळलेली बाटली

लॅबमध्ये माझ्या टेबलाजवळ कुणी साधा प्लॅस्टिकचा कंगवा काढला तरी मी खेकसते, अशी माझी ख्याती होती, आणि ती अजिबात खोटी नव्हती. अंबरनाथच्या त्या खासगी लॅबमध्ये कारखान्यांचं पाणी तपासायला यायचं. ब्याण्णव साली माझ्याकडे काम होतं ते पाण्यातलं डीओपी शोधायचं. डीओपी हे एक तेल आहे, पण खायचं नव्हे. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात हे तेल घोटलं की ते मऊ पडतं, वाकतं, त्याच्या चपला होतात, रेक्झिन होतं, बागेतली नळी होते. मात्र आत गेलेलं तेल गप्प बसत नाही. हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्याला लागेल त्याला चिकटतं. म्हणून ते शोधणाऱ्यानं आपल्या आसपास प्लॅस्टिक येऊ द्यायचं नसतं. काचेची बाटली, काचेचं बूच, तेही हेक्झेन नावाच्या द्रावकानं धुतलेलं. हे सगळ्यांना सांगून झालेलं असताना कुणी माझ्या फनेलशेजारी आपली डब्याची प्लॅस्टिकची पिशवी ठेवली, तर मी गोड कशाला बोलू?

गंमत अशी की ज्या तेलाच्या मागे मी हात धुऊन लागले होते, त्याच तेलावर आमचं घर चालत होतं. माझे वडील भीमराव, मी त्यांना आबा म्हणते, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये चपलांच्या कारखान्यात मिक्सिंगला होते. पावडर, रंग आणि तेल एकत्र घोटायचं, मग तो माल साच्यांकडे पाठवायचा. तिथं डीओपी वगैरे कुणी म्हणत नसे. नुसतं तेल. माझी एम.एस्सी. त्या तेलातूनच झाली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आई मी शाळेत असतानाच गेली. बेलवलीच्या आमच्या बौद्धवस्तीत घरात आम्ही तिघं, आबा, मी आणि आबांची आई जनाबाई. वस्तीच्या टोकाला आमची विहीर होती आणि आजीचा निम्मा जीव त्या विहिरीत होता. आजी लग्न होऊन आली तेव्हा गावविहिरीवर आपल्या लोकांना चढू देत नसत. बायका खाली उभ्या राहायच्या आणि कुणाच्या मनात दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. छप्पन्न साली वस्तीनं धम्म घेतला आणि पुढच्याच उन्हाळ्यात स्वतःची विहीर खणायला घेतली. आजीनं मातीच्या पाट्या वाहिल्या. आबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, तेही तिच्यामागून दगड वाहायचे.

तर ब्याण्णव साली विहिरीच्या वरच्या अंगाला, रस्त्यापलीकडे, एका व्यापाऱ्यानं गोदाम बांधलं आणि तिथं कारखान्यांच्या ह्याच तेलाचे ड्रम उतरायला लागले. पाण्यावर तवंग दिसतो, असं कुणीतरी म्हणालं. एकाला दिसल्यावर मग तो सगळ्यांनाच दिसायला लागला. वस्तीत नळ आलेलेच होते. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष रामभाऊ, माणूस तसा सरळ, पण त्यांच्या मनात विहिरीच्या जागेवर समाजमंदिर बांधायचं होतं. पोरांना अभ्यासाला जागा नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बैठकीत ठरलं की पाणी तपासायचं. तेल निघालं तर विहीर बुजवायची. नाही निघालं तर गाळ काढून नवा कठडा बांधायचा. तपासायला घरचीच मुलगी होती.

"पण बाटली शालननं भरायची नाही," रामभाऊ म्हणाले. "राग मानू नको, पोरी. उद्या कुणी म्हणायला नको की आजीसाठी केलंन."

मला राग आलाच. पण बोलणं रास्त होतं, त्यामुळे तो गिळावा लागला. मग बाटली कुणी भरायची, असा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते खोटं करतील असं त्यांच्या वैऱ्यालाही वाटलं नसतं, आणि त्यांना वैरी नव्हताच.

मी लॅबमधून बाटली आणली. हेक्झेननं धुतलेली, ओव्हनमध्ये तापवलेली, तोंडावर ॲल्युमिनियमची पन्नी.

"आबा, ही धुतलेली आहे. पुन्हा धुवायची नाही. गळ्याला दोरी बांधून विहिरीत सोडायची, भरली की वर घ्यायची, बूच लावायचं."

"एवढं कळतं मला."

"कळतं म्हणणाऱ्यांचीच मला भीती वाटते."

आबा हसले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या लोकांसमोर त्यांनी बाटली भरली आणि कामावर जाताना वाट वाकडी करून अंबरनाथला माझ्याकडे पोचती केली. टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून आणली होती. लॅबच्या दारात चपला काढून उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात, तुझ्या साहेबांच्या फरशीवर पाय कशाला, म्हणाले.

पाण्यातून तेल काढायचं काम मला आवडतं. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ मी शांत असते. बाटलीतलं पाणी काचेच्या मोठ्या फनेलमध्ये घ्यायचं, त्यात हेक्झेन ओतायचं आणि हलवायचं. मध्येमध्ये तोटी उघडून आतली हवा सोडायची. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि पाण्यातलं तेल आपल्याकडे ओढून घेतं. मग खालचं पाणी सोडून द्यायचं, वरचा थर सुकवायचा, गरम पाण्यावर ठेवून थेंबभर उरेपर्यंत आटवायचा आणि तो थेंब सुईनं जीसीत, म्हणजे आमच्या यंत्रात, घालायचा. यंत्राचा पेन सरकत्या कागदावर सरळ रेघ काढत जातो. डीओपी असेल तर त्याची वेळ झाली की पेन वर चढतो आणि कागदावर टेकाड उमटतं. आम्ही त्याला पीक म्हणतो.

त्या दिवशी पेन वर चढला तो चढतच गेला. मी तिथंच स्टुलावर बसले. आपल्या भांड्यांतलंच काही उतरलं असेल म्हणून शुद्ध पाणी त्याच भांड्यांतून, त्याच पद्धतीनं काढून बघितलं. त्याची रेघ सपाट आली. म्हणजे भांडी स्वच्छ होती, आणि तेल खरंच विहिरीतून आलेल्या बाटलीत होतं.

घरी गेले तर आजी उंबऱ्यात बसलेली. "काय म्हणतंय माझं पाणी?" तिनं विचारलं.

"अजून बोललं नाही," मी म्हटलं.

"लाजतंय आसंल," आजी म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

मला गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी स्वतः एक बाटली भरून नेली. तिच्यात जवळजवळ काही निघालं नाही. आनंदानं मी कागद घेऊन गुरुदत्त सरांकडे गेले. लॅब त्यांची होती, आणि शब्द जपून खर्चणारा तो माणूस होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले.

"एका विहिरीचे दोन जबाब," ते म्हणाले. "यातला कुठलाही द्यायचा नाही."

"सर, दुसरी बाटली मी स्वतः भरलीय."

"मग तर ती अजिबातच नाही. विहीर तुमचीच ना? दोन वेगळी का आली ते शोधा. मग या."

मी तणतणत बाहेर आले, पण त्यांचंच खरं होतं. रामभाऊंनीही हेच म्हटलं असतं की तू भरलीस म्हणून पाणी सुधारलं का? म्हणून मी मंडळाला सांगितलं की आणखी एक नमुना लागेल, आबांनीच भरायचा, मी फक्त लांब उभी राहून बघणार.

आबा तयारीनं आले. साबणानं हात धुतलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. पन्नी काढली, बूच काढून कठड्यावर रुमाल अंथरून त्यावर ठेवलं. इथपर्यंत सगळं ठीक. मग त्यांनी बादलीतलं थोडं पाणी बाटलीत घेतलं, तोंडावर तळहात दाबून बाटली खळखळा हलवली, पाणी टाकून दिलं आणि अंगठा आत घालून गळा गोल पुसला. तोंडावरून पुन्हा एकदा तळवा फिरवला. पाहुण्याला द्यायच्या पेल्यावरून फिरवतात तसा. मग दोरीनं बाटली विहिरीत सोडली.

"आबा, धुवायची नाही म्हटलं होतं ना मी?" मी लांबूनच ओरडले.

आबांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. "धुतली कुठं? नुसती विसळली."

रामभाऊंनीही मान डोलावली. "विसळल्याबिगर भरतं का कुणी?"

खरंच, कुणीच भरत नाही. माझी आजी नाही, आई भरत नव्हती, मी स्वतःही घरात हंडा तसा भरत नाही. धुणं वेगळं आणि विसळणं वेगळं. धुणं म्हणजे काम, विसळणं म्हणजे रीत. मी धुवायला बंदी केली होती, विसळायला नाही. आणि कॉलेजात इतकी वर्षं घालवून ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

मग मी त्यांच्या हातांकडे बघितलं. मिक्सिंगवाल्याचे हात. त्यांच्या वयाच्या माणसांच्या तळव्यांना भेगा असतात, घट्टे असतात. आबांचे तळवे मऊ, गुळगुळीत, कायम किंचित चमकणारे. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्या बापाचे हात साहेबासारखे आहेत असं मी शाळेत सांगायचे.

शुक्रवारी उल्हासनगरचे कारखाने बंद असतात. त्या दिवशी मी आबांना लॅबमध्ये घेऊन गेले. या वेळी त्यांना आत यावंच लागलं. काचेच्या पसरट भांड्यात शुद्ध पाणी घेऊन मी त्यांना हात बुडवायला सांगितलं. त्याआधी त्यांनी दोनदा साबण लावला होता, मीच लावायला लावला होता. त्यांनी हात बुडवून ठेवले आणि मग ते पाणी मी हलवलं, गाळलं, आटवलं. ते स्टुलावर पाय जवळ घेऊन बसून बघत होते. माझं काम त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"पोळ्या करताना तू एवढी नीट नसतेस," ते म्हणाले.

"पोळ्यांचा रिपोर्ट कुणी मागत नाही."

पेन चढायला लागला. चढत गेला आणि कागदाची कड ओलांडून वरच थबकला. यंत्राला त्याच्यापुढे मोजता येईना.

"हे काय?" आबांनी विचारलं.

"हे तेल, आबा."

"विहिरीतलं?"

"नाही. तुमच्या हातांचं."

ते कागदावर वाकले. बोट लावू का नको, असं करत त्यांनी ते टेकाड लांबूनच गिरवलं. "म्हणजे हा मी?"

"हो. हे तुम्ही."

"बराच उंच आहे की," ते म्हणाले आणि हसले. मला हसू येईना. आयुष्यभर ज्या हातांनी मला भरवलं ते यंत्राच्या कागदात मावत नव्हते. साबणानं तेल निघत नव्हतं म्हणजे ते किती आत गेलं असेल, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"हातमोजे का नाही घालत तुम्ही?" मी चिडून विचारलं. काळजी वाटली की मी चिडते, हा माझा जुना रोग.

"सेठ देतो ना. पण हातमोज्यात माल कळत नाही. बोटांत घोटून बघितल्याशिवाय तेल पुरे झालं का ते कसं समजणार?"

"उद्यापासून घालायचे."

"घालतो," ते म्हणाले. लहान मुलीला म्हणावं तसं.

मग मी रामभाऊंनाच बाटली भरायला लावली. विसळायची नाही, पुसायची नाही, तोंडाला हात लावायचा नाही, नुसती दोरीनं सोडायची. रामभाऊंना ते फार जड गेलं. अंगठा दोनदा बाटलीच्या तोंडाशी जाऊन परत आला. पण त्यांनी बाटली तशीच भरली, आणि त्या पाण्याची रेघ माझ्या शुद्ध पाण्याइतकीच सपाट आली. गुरुदत्त सरांनी या वेळी काही न विचारता सही केली.

विहिरीपाशी बैठक झाली. मी रिपोर्ट वाचला. पाण्यात तेल नाही, गोदामाकडे लक्ष ठेवावं लागेल, दर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावं लागेल, पण आज पाणी चांगलं आहे. आजी पुढेच बसली होती. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मग पहिल्या बाटलीत आलं कुठून?" रामभाऊंनी विचारलं. विचारायलाच हवं होतं त्यांनी.

मी शब्द जुळवायला लागले. "नमुना घेताना बाहेरून थोडं..."

आबा उभे राहिले. "बाहेरून काय, माझ्या हातानं. कारखान्याचं तेल हाताला असतंय. बाटली मीच बाटवली म्हणा की."

त्यांना कोटी सुचली होती आणि ती ते हसत बोलले. दोन-तीन तरुण पोरं हसलीसुद्धा. म्हातारी माणसं हसली नाहीत. आमच्या वस्तीत त्या शब्दाला अजून धार होती. आबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण हसणं अर्ध्यावर टाकून ते खाली बसले. विहीर राहणार हे ठरलं. रामभाऊंनी स्वतः नारळाऐवजी पेढे वाटले. ते समाजमंदिरासाठी दुसरी जागा बघतो म्हणाले.

घरात आनंद व्हायला हवा होता. पण दुसऱ्या दिवसापासून आबांनी विहिरीच्या दोरीला हात लावणं सोडलं. आधी मला कळलंच नाही. मग दिसलं की ते माठातलं पाणीही स्वतः घेत नाहीत. शालन, जरा देतेस? असं म्हणायचे. पेला मी त्यांच्या हातात द्यायला गेले तर, तिथं खाली ठेव, म्हणायचे. मी समजावलं. आबा, यंत्राला दिसतं ते कणभर असतं. दोरीला हात लावल्यानं विहिरीला काही होत नाही. मी शिकलेय ना याच्यात?

"तूच तर दाखवलंस," ते शांतपणे म्हणाले. "वस्तीचं पाणी आहे. कशाला हात लावायचा?"

लॅबमधले सगळे शब्द माझ्याकडे होते, पण माझ्या बापाला उपयोगी पडेल असा एकही नव्हता.

उन्हाळ्यात गाळ काढायचं काम निघालं. अख्खी वस्ती विहिरीवर. आबाही आले होते, कारखान्यात खाडा करून. गाळाच्या पाट्या त्यांनी सगळ्यांच्या बरोबरीनं वाहिल्या, कारण गाळाला हात लागलेला चालत होता. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा झऱ्याचं पहिलं नवं पाणी बादलीनं वर आलं आणि सगळे प्यायला धावले. मी कठड्यापाशी तांब्या भरून उभी होते. आबा विहिरीच्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढले नाहीत. खाली उभे राहिले, थोडे वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली.

"ओत गं वरून," ते म्हणाले.

मी तांब्या उचलला. तेवढ्यात मागून आजीनं माझं मनगट धरलं. तिच्यात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"भीमा," ती म्हणाली. "हात खाली कर."

"आये, माझ्या हाताला तेल हाय. शालनच्या मशीनमध्ये..."

"हात खाली कर म्हंते ना."

सगळे बघायला लागले होते. आजी एकेक पायरी उतरत त्यांच्यापर्यंत गेली. "अशीच ओंजळ धरून मी उभी ऱ्हायले हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू माझ्या पदराला धरून होतास. तुला आठवत नसंल, मला आठवतं. ती ओंजळ परत बघायला मी दगड न्हाय वाह्यले. ह्या विहिरीवर कुणाच्या हातानं पाणी बाटत न्हाय. तुझ्याबी न्हाय."

तिनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना वर आणलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. आबांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं बघितलं.

"ओढा, आबा," मी म्हटलं.

त्यांनी बादली सोडली, भरली, हात एकावर एक घेत वर ओढली. कठड्यावर ठेवली. आजी तिथंच उभी होती.

"आता मला पाज," ती म्हणाली. "तांब्या नको. हातानं."

आबांनी बादलीत ओंजळ बुडवली आणि भरून तिच्या तोंडाशी नेली. ती त्यांच्या बोटांवर ओठ टेकवून सावकाश प्यायली, शेवटचा थेंब संपेपर्यंत. त्या पाण्यात काय उतरलं असेल ते तिथं माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. आजीनं पदरानं तोंड पुसलं आणि बाजूला झाली.

मग मी पुढं झाले. "आबा," मी म्हटलं, "आता मला द्या."